चालकाशी बोलू नये

आमच्या लहानपणी फोंडा महालातल्या पोरांचे स्वर्गसुख एकच होते. कारेरीत बॉनेटवरची जागा मिळणे. कारेर म्हणजे काय हे गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको, पण नव्या पिढीसाठी सांगून ठेवतो. जुन्या बसगाडीचे इंजिन आतच असायचे, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. त्यावर पत्र्याचे झाकण आणि झाकणावर गोणपाटाची घडी. गाडी भरली की ड्रायव्हर ओळखीच्या पोराला त्या घडीवर बसायला सांगायचा. बूड भाजायचे, डिझेलच्या वासाने डोके उठायचे, पण समोरची अख्खी काच आपली! बोरीची चढण, वळणावरचा म्हशींचा कळप, पावसात काचेवर फिरणारा तो एकुलता एक वायपर, हे सगळे ड्रायव्हरच्या आधी आपल्याला दिसते आहे असे वाटायचे. आणि समोरच पत्र्यावर रंगवलेले असायचे, ‘चालकाशी बोलू नये’. आम्ही बोलत नसू. बोललो तर जागा जाईल, ही भीती पाटीपेक्षा मोठी होती.

ही पाटी मला पुढे फार महागात पडली असती. त्याचीच ही गोष्ट.

१९७८ साली मी मुंबईला नागरी विमानवाहतूक खात्यात लागलो, हवाई वाहतूक नियंत्रणाच्या कामावर. पुढे १९८६ साली आमचे नॅशनल एअरपोर्ट्स ऑथॉरिटी झाले आणि १९९५ साली एअरपोर्ट्स ऑथॉरिटी ऑफ इंडिया. खुर्ची तीच, पाटी बदलत गेली. गावी सगळे समजायचे की मी विमान चालवतो. आई तर चारचौघांत तसे सांगायची आणि मी दुरुस्त करायला गेलो की तिला राग यायचा. प्रत्यक्षात मी विमानाला फक्त सांगायचो. इतक्या उंचीवर ये, तिकडे वळ, थांब, आता उतर. विमान मला दिसायचे ते लांबून, काचेआडून, नाहीतर रडारच्या पडद्यावर एक ठिपका म्हणून. त्या ठिपक्यातून एक आवाज यायचा, मी आवाजाने उत्तर द्यायचो. बारा-बारा वर्षे ज्यांच्याशी रोज बोललो त्या वैमानिकांना मी रस्त्यात ओळखले नसते.

म्हणूनच असेल, आमच्या खात्यात एक चांगली रीत होती. नियंत्रकाने अधूनमधून कॉकपिटमध्ये बसून प्रवास करायचा, समोरच्याचे काम कसे चालते ते पाहायचे आणि परत येऊन एक पानी अहवाल द्यायचा. फॅमिलियरायझेशन फ्लाइट असे लांबलचक नाव, आम्ही म्हणायचो फॅम फ्लाइट. परवानगीचे पत्र खिशात असले तरी शेवटचा शब्द कॅप्टनचा. तो म्हणाला ‘या’, तर जायचे. तिथे बसायची जागा म्हणजे जंप सीट, वैमानिकांच्या मागची घडीची खुर्ची.

माझी पहिली जंप सीट इंडियन एअरलाइन्सच्या एअरबस ए-३०० ची, मुंबई ते दिल्ली. ही विमाने आपल्याकडे १९७६ सालापासून आली. आजच्या विमानात पुढे दोघेच असतात. तेव्हा तिघे असत. कॅप्टन, को-पायलट आणि उजवीकडे स्वतःच्या भल्या मोठ्या फलकासमोर फ्लाइट इंजिनियर. इंधन, वीज, हायड्रॉलिक, हवेचा दाब, सगळे त्याच्या हाती. शेकडो दिवे, बटणे, तबकड्या. मला तो फलक पाहून आमच्या गावच्या देवळातली दीपमाळ आठवली. मात्र इंजिनियर तिच्याकडे पाहत होता तो दिवे लागलेत का म्हणून नव्हे, तर एखादा नको तो लागत तर नाही ना म्हणून. उड्डाणाच्या वेळी त्याची खुर्ची सरकून पुढे आली आणि तिघे एकाच देव्हाऱ्यापुढे बसल्यासारखे दिसले. कोणी कोणाला मोठ्याने काही सांगत नव्हते. एकाने वाचायचे, दुसऱ्याने हात लावून उत्तर द्यायचे. आरतीत कसे एकाने कडवे उचलले की दुसरा बरोबर पुढची ओळ धरतो, तसे.

आणि मग कानावरच्या हेडफोनमधून आमच्या टॉवरचा आवाज आला. माझ्याच शिफ्टमधला सोबती. दिवसभर ज्याच्या शेजारी बसून मी चहा प्यायचो, त्याचा आवाज इथे किती वेगळा वाटावा! तो वाऱ्याची दिशा, वेग, वळायचे कुठे, फ्रिक्वेन्सी कोणती, हे सगळे एका दमात बोलून गेला. त्याच क्षणी कॅप्टनचे दोन्ही हात कामात होते, को-पायलट चाके वर घेत होता आणि इंजिनियर आकडे पाहत होता. को-पायलटने ते सगळे कसेबसे झेलले आणि परत म्हणून दाखवले. मला घाम फुटला, कारण मी याच्याहून भरभर बोलायचो. वेगाने बोलणे हे आम्ही हुशारीचे लक्षण समजत असू. त्या दिवसानंतर मी विमान थोडे वर जाईपर्यंत तोंड उघडायचे टाळू लागलो. टॉवरमध्ये माझी थट्टा झाली, गोंयकार आणखी सुशेगाद झाला म्हणून.

त्यानंतर बऱ्याच खुर्च्या झाल्या. ॲव्हरोची, म्हणजे कानपूरला बनलेल्या एचएस-७४८ ची. तिची डार्ट इंजिने कानात अशी किंचाळायची की उतरल्यावर तासभर समोरच्याचे ओठ वाचावे लागत. एअर इंडियाच्या ७४७ ची, मुंबईहून दिल्लीमार्गे परदेशी जाणाऱ्या विमानातली. एवढे अवाढव्य विमान, पण कॉकपिट वरच्या मजल्यावर, आमच्या गावच्या घरातल्या माळ्यासारखे आटोपशीर आणि पुढे निमुळते होत गेलेले. जमिनीवर असतानाच तुम्ही तीन मजली घराच्या गच्चीवर बसलेले असता. टॅक्सीवेवर वळताना कॅप्टन वळण पार होऊन गेल्यावर चाक फिरवतो, कारण पुढची चाके त्याच्या पाठीमागे असतात. ‘आता गवतात जाणार’ म्हणून पहिल्या वेळी मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. त्या काळी कॉकपिटमध्ये बिनधास्त सिगारेटी ओढल्या जात. गरम झालेल्या वायरी, कॉफी, तंबाखू आणि जुने चामडे यांचा मिळून एक वास असे. तो आता जगात कुठेच उरलेला नसावा.

एक प्रसंग सांगायलाच हवा. १९७२ साली जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले होते. मी खात्यात आलो तेव्हाही टॉवरमध्ये ही गोष्ट हसत हसत सांगितली जाई. एवढे कसे कळत नाही, असे आम्ही म्हणायचो. मग एकदा जंप सीटवर बसून समुद्राकडून मुंबईत उतरायचा योग आला. धूसर सकाळ. खाली समुद्र संपला, किनारा आला आणि पाठोपाठ समोर चक्क एक धावपट्टी! माझ्या तोंडून ‘दिसली’ निघणार होते. ती जुहूची. सांताक्रूझची पुढे, धुरकटात, अजून दिसायची होती. मी गप्प बसलो होतो ते बरेच झाले, नाहीतर टॉवरचा माणूस जुहूला उतरायला निघाला म्हणून माझी कायमची कथा झाली असती. त्यानंतर मी त्या जपानी वैमानिकांना हसलो नाही.

गप्प बसण्याचा फायदा झाला तो असा. पण सगळ्या वेळा सारख्या नसतात.

जुलै १९९४. तोवर देशात खाजगी विमान कंपन्यांचे पेव फुटले होते. अशाच एका कंपनीच्या बोइंग ७३७-२०० मध्ये मला मुंबई ते गोवा फॅम फ्लाइट मिळाली. कोणती कंपनी ते सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. मी मुद्दाम गोवा मागून घेतले होते. काम तर होईलच, शिवाय आईला दोन दिवस भेटून येता येईल. पावसात ती एकटीच घरी असे.

७३७ ची जंप सीट ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. ती भिंतीला घडी घालून ठेवलेली असते. ती काढून आडवी लावली की कॉकपिटच्या दाराचीच वाट बंद होते. म्हणजे तुम्ही बसलात की आतला बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही. गुडघे मधल्या फलकाला टेकतात. डावीकडे कॅप्टनचा खांदा, उजवीकडे को-पायलटचा. दोघांचीही घड्याळे तुम्हाला एकाच वेळी दिसतात, जी त्या दोघांना तितकी सहज दिसत नाहीत. कारेरीतल्या बॉनेटवरची जागा ती हीच!

कॅप्टन हवाईदलातून आलेले, वयाने माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, पुण्याकडचे मराठी गृहस्थ. बोलायला मोकळे, पण कामात करडे. को-पायलट पंचविशीचा मुलगा, मिशीही नीट फुटलेली नव्हती. कॅप्टनना तो दर वाक्याला ‘सर’ म्हणे. मुंबई सोडल्यापासून खाली ढगांशिवाय काही नव्हते. रत्नागिरीच्या पुढे विमान हादरू लागले.

आता थोडे तांत्रिक सांगतो, त्याशिवाय पुढचे कळायचे नाही. विमानातला उंचीमापक, म्हणजे अल्टिमीटर, खरे तर हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची दाखवतो. वर असताना सगळी विमाने त्यात एकच ठरलेला आकडा लावतात, १०१३. खाली उतरताना मात्र त्या ठिकाणचा त्या वेळचा दाब लावावा लागतो. त्याला आमच्या भाषेत क्यूएनएच म्हणतात. नियंत्रक तो सांगतो, वैमानिक परत म्हणून दाखवतो आणि अल्टिमीटरच्या कोपऱ्यातली किल्ली फिरवून बारक्या खिडकीत तो आकडा आणतो. आपल्याकडे पावसाळ्यात दाब उतरलेला असतो. त्या दिवशी दाबोळीने दिलेला क्यूएनएच होता १००२. एका आकड्याला साधारण तीस फूट. म्हणजे १०१३ तसाच राहिला तर अल्टिमीटर खऱ्यापेक्षा सुमारे तीनशे फूट जास्त दाखवणार. वैमानिकाला वाटणार आपण वर आहोत, आणि विमान तीनशे फूट खाली. ढगात, पावसात, डोंगरपठारांच्या मुलखात.

दाबोळीचे नियंत्रण नौदलाकडे असते. त्यांच्या नियंत्रकाने उतरायची परवानगी दिली, क्यूएनएच दिला. को-पायलटने तो परत म्हटला आणि आपली किल्ली फिरवली. कॅप्टनचा हात आपल्या किल्लीकडे निघाला. नेमके तेव्हा रडारच्या पडद्यावर समोर पावसाचा एक दाट गठ्ठा दिसला आणि हात तिथून वळून रडारच्या बटणाकडे गेला. दोन-तीन अंश डावीकडे घ्यायचे का, यावर बोलणे झाले. मग को-पायलट यादी वाचू लागला. ‘अल्टिमीटर’ असे त्याने म्हटले, कॅप्टन ‘सेट’ म्हणाले. सवयीने. आपण ‘जेवलात का’ विचारल्यावर माणूस ‘हो’ म्हणतो तसे.

मी पाहिले, उजवीकडचा अल्टिमीटर ३२०० दाखवत होता आणि डावीकडचा ३५००. डावीकडच्या बारक्या खिडकीत १०१३.

विमान कॅप्टन चालवत होते.

दिवसातून शंभर वेळा जो आकडा मी सांगायचो, झोपेतून उठवले तरी ज्याबद्दल चुकलो नसतो, तो समोर चुकीचा लागलेला होता आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. का फुटेना, याचा मी पुढे फार विचार केला आहे. तेव्हा मात्र मनात भराभर येऊन गेले ते असे. मी पाहुणा आहे. पाहुण्याने यजमानाच्या चुलीत लाकूड सारू नये. कॅप्टनच्या मनात काही वेगळे असेल. ते वयाने मोठे आहेत, अनुभवाने तर कितीतरी. शेजारी त्यांचा माणूस बसला आहे, तो सांगेलच. त्याच्यासमोर मी सांगितले तर कॅप्टनचा अपमान होईल. आणि या सगळ्याच्या मागे, खोल कुठेतरी, ती कारेरीतली पाटी. आता हसू येते, पण ती खरोखर डोळ्यांसमोर आली होती.

मी को-पायलटकडे पाहिले. त्यानेही एकदा मान वळवून डावीकडे पाहिले आणि परत समोर बघू लागला. मला वाटले, पाहिले असते तर बोलला असता, म्हणजे त्याला काही वावगे दिसले नाही. म्हणजे माझेच चुकते आहे काय? मी पुन्हा खिडकीतला आकडा वाचला. १०१३.

शेवटी मी बोललो ते काय? ‘कॅप्टन, तुमचा अल्टिमीटर बघा’ असे सरळ चार शब्द? छे! मी अगदी अदबीने, जणू सहज चौकशी करावी तसे विचारले, ‘कॅप्टनसाहेब, दाबोळीने क्यूएनएच किती दिला हो?’

‘वन जीरो जीरो...’ एवढे म्हणता म्हणता त्यांचा हात किल्लीवर गेला. ‘टू’ म्हणेपर्यंत आकडा बदललेला होता. डावीकडची सुई खाली सरकून उजवीकडच्या सुईशी मिळाली. कोणीच काही बोलले नाही. वायपर तेवढे खाडखाड वाजत होते. काही वेळाने ढग फाटले. खाली भाताची ओली शेते, झुवारीचे गढूळ लाल पाणी, मग पठार आणि पठारावर समोर ओली चकाकणारी धावपट्टी. विमान टेकले, मागे इंजिने गरजली, पाण्याचा फवारा उडाला.

उजवीकडचा काटा मी पाहिला तेव्हा ३२०० वर होता आणि मी बोललो तेव्हा २८०० वर. उतरण्याच्या त्या वेगाने चारशे फूट म्हणजे अर्धे मिनिट. हिशेब मी त्याच रात्री केला. उगाच भयकथा करायची नाही. आणखीही राखणदार होते. को-पायलटचा अल्टिमीटर बरोबर होता, आणखी खाली गेल्यावर रेडिओ अल्टिमीटरने जमिनीपासूनची खरी उंची दाखवली असती, पुढे आणखी एकदा ताळा झाला असता. बहुधा काहीच झाले नसते. पण जगात जिथे झाले, तिथेही आधी बहुधा काहीच होणार नव्हते.

प्रवासी उतरत असताना कॅप्टनने टोपी घातली, माझ्याकडे वळून हसले आणि म्हणाले, ‘सुट्टीवर निघालात तरी क्यूएनएच काही सुटत नाही तुमचा!’ हे त्यांचे आभार होते असे मी समजलो. मुलगा मान खाली घालून कागद भरत होता.

वास्कोहून कदंब धरून फोंड्याला आणि तिथून गावी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आई दारातच होती. ‘आयलो? भिजलो मरे!’ म्हणून टॉवेल आणायला धावली. रात्री जेवताना तिने विचारले, ‘विमान हालतालें काय रे?’ मी म्हटले, थोडेसे. मग ती म्हणाली, ‘तूं आशिल्लो मरे भितर, म्हाका कसलो भंय!’ मी ताटात पाहत राहिलो. उकड्या तांदळाची पेज अशी घशाखाली उतरेना, हे त्या घरात मला पहिल्यांदाच झाले.

मुंबईला परतल्यावर अहवाल लिहिला. हवामान, हादरे, दाबोळीच्या नियंत्रकाची भाषा स्पष्ट, उड्डाण उपयुक्त ठरले. खाली सही. अल्टिमीटरचा त्यात उल्लेख नाही. कॅप्टनची नोकरी नको जायला, मुलाचे नाव नको बदनाम व्हायला, असे मी स्वतःला सांगितले. खरे कारण असे की ते लिहिले असते तर अर्ध्या मिनिटाचाही हिशेब लिहावा लागला असता. तो कागद कुठल्यातरी फायलीत पिवळा पडून गेला असेल.

भीड भिकेची बहीण म्हणतात. विमानात ती कोणाची बहीण आहे ते त्यानंतर मी वाचत गेलो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफच्या धुक्यात दोन ७४७ धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसे गेली. केएलएमच्या विमानाने परवानगी नसताना धाव घेतली होती. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरला शंका आली होती. त्याने ती विचारलीही होती, पण प्रश्नाच्या रूपात. समोरचे विमान बाजूला झालेले नाही का, अशा अर्थाची. कॅप्टन त्या कंपनीचा नावाजलेला प्रशिक्षक. त्याने ठासून होकार दिला, की झाले आहे, आणि विषय संपला. हे वाचले त्या दिवशी मी जेवलो नाही. माझाही प्रश्नच होता. माझ्या कॅप्टनचा हात किल्लीकडे गेला, त्याचा गेला नाही. फरक एवढाच आणि तो माझ्या कर्तृत्वाचा नव्हे.

अशा अपघातांनंतर १९७९ साली अमेरिकेत नासाने कार्यशाळा भरवली आणि कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. कनिष्ठाने वरिष्ठाला स्पष्ट सांगावे, वरिष्ठाने ऐकावे. आपल्याकडे ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नये’ हे ज्यांच्या हाडीमाशी रुजलेले, त्यांना हे किती कठीण जाते ते मला विचारा. या शिक्षणाचे फळ दिसले ते १९ जुलै १९८९ रोजी. युनायटेडच्या डीसी-१० चे मधले इंजिन फुटले आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. प्रवाशांत त्याच कंपनीचा डेनिस फिच नावाचा प्रशिक्षक वैमानिक होता. त्याने मदत करू का म्हणून विचारले आणि कॅप्टन अल हेन्स यांनी त्याला आत घेतले. दोघा वैमानिकांच्या मध्ये गुडघे टेकून आणि पुढे फ्लाइट इंजिनियरच्या खुर्चीवर बसून फिचने नुसत्या इंजिनांच्या जोरावर विमान वळवायला मदत केली. सू सिटीला ते कोसळलेच, पण २९६ पैकी १८० हून अधिक माणसे वाचली. हेन्स यांच्या जागी मी असतो तर परक्याला आत घेतले असते का? फिचच्या जागी असतो तर उठलो असतो का?

खुर्चीचीही दुसरी बाजू आहे, ती लपवत नाही. १९९४ च्याच एप्रिलमध्ये फेडएक्सच्या मालवाहू विमानात जंप सीटवर बसून आलेल्या त्यांच्याच कर्मचाऱ्याने हातोड्याने वैमानिकांवर हल्ला केला होता. तिघे रक्तबंबाळ झाले, तरी विमान उतरवले. आणि ११ सप्टेंबर २००१ नंतर तर ते दारच बदलले. गोळीला न फुटणारे, आतून कुलूप लागणारे. माझी शेवटची जंप सीट त्याआधीची. नंतर मीही मागे बसून ढगांकडे बाजूच्या खिडकीतून पाहू लागलो. ए-३०० गेले, ७३७-२०० गेले, फ्लाइट इंजिनियर हा माणूसच कॉकपिटमधून गेला. आता आई नाही आणि गोव्याला मोपाही झाले.

२००६ साली मुंबईत वैमानिक आणि नियंत्रक यांचे एक एकत्र शिबिर झाले. एक चाळिशीकडे झुकलेला कॅप्टन बोलायला उभा राहिला. स्वतःच्या चुका सांगितल्याशिवाय दुसऱ्याला शिकवता येत नाही, असे म्हणून त्याने एक गोष्ट सांगितली. पावसाळा, दाबोळी, डावीकडचा अल्टिमीटर १०१३ वर. मी खुर्चीत ताठ झालो. तो म्हणाला, ‘मला दिसले होते. सरांना कसे सांगू, असे झाले. मागे एटीसीचे एक सीनियर साहेब बसले होते. मी म्हटले, त्यांचे तर हे रोजचे काम, ते सांगतील. म्हणून मी थांबलो.’

चहाच्या वेळी मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. त्याने ओळखले नाही. मी म्हटले, ‘मागे बसलेला तो मीच. आणि मी तुमच्यासाठी थांबलो होतो.’ तो क्षणभर पाहत राहिला, मग दोन्ही हातांनी माझा हात धरला. बराच वेळ आम्ही दोघे कपबशा घेऊन भिंतीशी उभे होतो. पावसाचा गठ्ठा, कॅप्टनचा हात, यादी, सगळे त्याला जसेच्या तसे आठवत होते. फक्त क्यूएनएच तो १००३ होता म्हणत होता. मी म्हटले, १००२. तो ऐकेना. मीही ऐकले नाही. चहा निवून गेला.